पणजीहून माउंटन व्ह्यूला: एका विंडसर्फरचे पाणी आणि साहित्य ठरवताना

माझी भाची गेल्या वर्षी मार्चमध्ये नोकरीसाठी पणजीहून कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे राहायला आली. येण्याच्या महिनाभर आधी तिचा फोन आला, आणि घर, बँक, गाडी यांतले काहीही न विचारता तिने विचारले, "मामा, माझा बोर्ड विमानात चढेल का?" मी सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रीमॉन्टला राहतो आणि बारा-तेरा वर्षे याच उपसागरात विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून सरकणे) करतो. त्यामुळे पुढच्या सहा-सात महिन्यांतले तिचे बहुतेक निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतले. त्यांतला एक चुकला आणि ती चूक माझी होती. नव्या शहरात जाणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

तिचे वजन ५८ किलो. दोनापावलाच्या खाडीत तीन हंगाम तिने फेब्रुवारी ते मे या काळात दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांवर सराव केला होता. तो वारा साधारण १० ते १४ नॉटचा असतो (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर), क्वचित त्याहून थोडा अधिक. तिच्याकडे १६० लिटर आकारमानाचा रुंद बोर्ड आणि ५.८ चौरस मीटरचे शीड होते. हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) बांधून दोन्ही दिशांना जाणे, वाऱ्याविरुद्ध तिरके चढत निघालेल्या जागी परत येणे आणि शीड दोरीने ओढून उभे करणे एवढे तिला नीट येत होते. पाण्यातूनच शिडाच्या ओढीने बोर्डवर चढणे, म्हणजे ज्याला आम्ही वॉटरस्टार्ट म्हणतो, ते दहांतून तीनदा जमत होते. ही शेवटची बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

बोर्ड आणू नकोस, असे मी तिला पहिल्या फोनवरच सांगितले. अडीच मीटरहून लांब सामानाला विमान कंपन्या जादा शुल्क लावतात आणि काही तर ते घेतच नाहीत, हे एक कारण होते. खरे कारण मात्र वेगळे होते. तिचे सगळे साहित्य गोव्याच्या वाऱ्याला साजेसे होते, आणि या उपसागराचा वारा गोव्याच्या वाऱ्याचा भाऊबंद असला तरी स्वभावाने अगदी निराळा आहे. शिवाय तीन उन्हाळे गोव्याच्या उन्हात राहिलेल्या शिडाची पारदर्शक फिल्म ठिसूळ झालेली असते. बारा नॉटमध्ये ती टिकते, बावीस नॉटमध्ये एका पडण्यात फाटते. म्हणून तिने हार्नेस, हार्नेसच्या दोऱ्या आणि पाण्यातले बूट एवढेच बॅगेत भरले आणि बाकीचे साहित्य तिकडेच विकले.

वारा येतो कुठून

खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी शाळेच्या भूगोलात शिकलेले असतात: दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. कोकणात आणि गोव्यात हेच घडते, पण तिथे समुद्राचे पाणीही २८ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे जमीन आणि पाणी यांच्या तापमानातला फरक मर्यादित राहतो. इथे गोल्डन गेटच्या बाहेरचा पॅसिफिक महासागर भर उन्हाळ्यातही १२ ते १४ अंशांवर असतो, कारण किनाऱ्याला समांतर वाहणारा वायव्येचा वारा वरचे पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचे थंड पाणी वर येते. डोंगररांगेपलीकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सॅक्रामेंटोचे खोरे जुलैतल्या दुपारी ३८ अंशांपर्यंत तापते. मधली डोंगररांग जवळजवळ सलग आहे आणि समुद्रसपाटीवरची मोठी खिंड एकच, ती म्हणजे गोल्डन गेट. तिच्या दक्षिणेला सॅन ब्रूनो येथे डोंगर थोडे बसके आहेत. सगळी थंड हवा या दोन वाटांनी घुसते आणि अरुंद गल्लीतून जाताना वारा जसा जोर धरतो तसा जोर धरते. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम, दुपारी एक-दोनला सुरुवात, चार ते सहा या वेळेत पूर्ण जोर आणि सूर्यास्ताच्या सुमारास उतार, असा तिचा नेम आहे. त्या नेमात १८ ते २५ नॉट ही नेहमीची गोष्ट आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १२ नॉटऐवजी २४ नॉट वारा असेल तर शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यातच १६ अंशांची हवा ३२ अंशांच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी जड असते. इथला वीस नॉट वारा गोव्यातल्या वीस नॉटपेक्षा हाताला अधिक जाणवतो, तो या जडपणामुळे. ही गोष्ट आकड्यांत मांडेपर्यंत भाचीला पटत नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच तिने एका जुन्या साहित्य विकणाऱ्याकडे ६.४ चौरस मीटरचे शीड आणि १३५ लिटरचा बोर्ड हेरून ठेवला होता, कारण "आता माझी प्रगती झाली आहे, शीड थोडे मोठे हवे" असा तिचा विचार होता. गोव्यातच राहायचे असते तर तो विचार बरोबर ठरला असता.

आधी परतीची वाट

माझे मत असे आहे की नव्या शहरात साहित्य आधी घेऊ नये. आधी पाणी निवडावे, आणि तेही तिथला वारा किती चांगला आहे यावरून नव्हे, तर वारा पडला किंवा साहित्य मोडले तर आपण कुठे जाऊन लागू यावरून. त्या पाण्यावर आणि त्या वाऱ्यात जे चालेल ते साहित्य मग घ्यावे. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात: हाती आलेले साहित्य जिथे चालेल ती जागा शोधतात, किंवा छायाचित्रांत जी जागा सुंदर दिसते तिथे जातात.

छायाचित्रांत सर्वांत सुंदर दिसते ते क्रिसी फील्ड. गोल्डन गेट पुलाच्या आतल्या अंगाला, पूर्वी लष्कराची धावपट्टी होती त्या जागी आता वाळूचा किनारा आणि हिरवळ आहे, आणि समोर तो लाल पूल. भाचीला तिथेच जायचे होते. मी तिला एका शनिवारी तिथे नेले, पण साहित्याशिवाय, आणि आम्ही दोन तास नुसते बांधावर बसून पाहिले. त्या दिवशी दुपारी जोराची ओहोटी होती. सगळ्या उपसागराचे पाणी त्या एका खिंडीतून बाहेर पडत होते, आणि उधाणाच्या दिवसांत तिथला प्रवाह चार-पाच नॉटपर्यंत जातो. वारा आत येणारा, पाणी बाहेर जाणारे. दोघे समोरासमोर आले की लाट उभी आणि आखूड होते. किनाऱ्यालगत वारा विरळ होता, आणि एक जण शीड पाण्यात टाकून बोर्डवर बसलेला, पाऊण तास हळूहळू पुलाकडे सरकत होता. मधल्या वाटेने कंटेनरचे जहाज आले. अशा जहाजाला वळताही येत नाही आणि थांबताही येत नाही, त्याच्या वाटेतून आपणच बाजूला व्हायचे असते. तो माणूस शेवटी वारा मिळून सुखरूप परतला. ज्याला वॉटरस्टार्ट दहांतून तीनदा जमतो त्याने त्या पाण्यात उतरू नये, हे मला तिला सांगावे लागले नाही.

दुसऱ्या टोकाला माउंटन व्ह्यूचे शोरलाइन सरोवर आहे, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. हे सुमारे ५० एकरांचे कृत्रिम खाऱ्या पाण्याचे सरोवर असून तिथे बोर्ड आणि शीड भाड्याने मिळतात. तिथे भरती-ओहोटी नाही, लाट नाही, आणि कुठेही वाहून गेलो तरी चालत परत येता येते. वारा मात्र झाडा-इमारतींवरून येत असल्याने तुटक असतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी दीड तास वळणे घोटायला एवढे पुरेसे होते. पालो आल्टोची जागाही जवळच आहे, पण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो, म्हणून ती आम्ही सोडून दिली. बर्कलेच्या बंदरात ‘कॅल सेलिंग क्लब’ ही सभासदांच्या श्रमदानावर चालणारी ना-नफा संस्था विंडसर्फिंग शिकवते. बर्कलेच्या बाजूला राहणाऱ्याने घरचे साहित्य घेण्याआधी तिथेच जावे, असे मी सांगेन. माउंटन व्ह्यूहून मात्र दर आठवड्याला तेवढे अंतर तोडणे तिला शक्य नव्हते.

सुरुवातीच्या शनिवार-रविवारसाठी आम्ही निवडला तो अलामीडाचा क्राउन बीच. तिच्या घरापासून साठेक किलोमीटर दूर, पण वारा संपूर्ण उपसागर ओलांडून तिरका किनाऱ्याकडे येतो. काहीही मोडले तरी पाणी आणि वारा मिळून माणसाला वाळूवरच आणून सोडतात. कितीतरी अंतरापर्यंत पाणी कमरेएवढेच असते, त्यामुळे पडलो तर उभे राहून शीड उचलता येते. एकच अडचण, ओहोटीला फिन (बोर्डाखालचे पाते) तळाला लागतो. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढीच तिथली खिडकी, आणि ती दुपारच्या वाऱ्याशी जुळली पाहिजे. इथे दिवसातून दोन भरत्या येतात, पण त्या दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. एक मोठी, एक लहान. भाचीने एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे भरती-ओहोटीचे कोष्टक छापून स्वयंपाकघरात लावले आणि जुळणारे दिवस लाल पेनाने खुणावले. पंचवीस-सव्वीस शनिवार-रविवारांपैकी फक्त अकरा दिवस जुळत होते.

साहित्याचा हिशेब

जागा ठरल्यावर साहित्याचे आकडे जवळजवळ आपोआप पडले. किलोतले वजन १.३४ने गुणायचे आणि वाऱ्याच्या नॉटमधील वेगाने भागायचे, की प्लेनिंगला, म्हणजे बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन सरकायला, लागणारे शिडाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळते. तिच्या ५८ किलोंना १३ नॉटमध्ये सहा चौरस मीटर येतात, म्हणजे गोव्यातले तिचे ५.८चे शीड अगदी योग्य होते. वीस नॉटला तोच हिशेब ३.९वर येतो. तिने हेरलेले ६.४चे शीड इथे तिला वर्षातून चार दिवसही वापरता आले नसते. आम्ही ४.७ आणि ३.७ अशी दोन शिडे ठरवली. ३.७ हा आकडा ऐकून ती म्हणाली, "हे तर लहान मुलांचे शीड झाले." जूनमध्ये मात्र तेच शीड सर्वांत जास्त वापरले गेले.

दोन्ही शिडे निवडताना त्यांवर ३७० सेंटिमीटरचा मास्ट (शिडाचा उभा खांब) छापलेला आहे ना, हे आधी पाहिले. एकाच मास्टवर दोन शिडे चढली की एका मास्टचे पैसे वाचतात आणि गाडीतली जागाही वाचते. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मास्टची लांबी जुळली म्हणजे सगळे जुळले असे नसते. मास्ट कुठे आणि किती वाकतो हेही त्या शिडाच्या शिलाईशी जुळावे लागते, नाहीतर खालची दोरी कितीही ताणली तरी शीड नीट बसत नाही.

बोर्डाचा हिशेब साधा पण दुर्लक्षित आहे. माणूस ५८ किलो, भिजलेला वेटसूट (थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) आणि हार्नेस चारेक किलो, मास्ट आणि बूम (शीड हाताने धरायचा आडवा दांडा) यांसह शीड नऊ, बोर्ड स्वतः आठ: एकूण ७९. ढोबळमानाने एका लिटरला एक किलो तरंगते, म्हणजे ८५ लिटरचा बोर्ड तिला जेमतेम तोलून धरेल, आणि वारा थांबला की त्यावर उभे राहून शीड ओढता येणार नाही. वॉटरस्टार्ट पक्का असलेल्याला ८५ चालतो. तिला नव्हता, म्हणून १०५ लिटर. बोर्डाची लांबी २.४ मीटर होती, आणि तिने घेतलेल्या जुन्या हॅचबॅकमध्ये पुढची सीट आडवी केली की तो आत बसत होता. गाडीवर बांधायला वीस मिनिटे लागणारे साहित्य आठवड्याच्या मधल्या दिवशी बाहेर निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

बोर्ड, शिडे, मास्ट आणि बूम आम्ही जुने घेतले. वेटसूट नवा घेतला, अंगाला ४ आणि हाता-पायांना ३ मिलिमीटर जाडीचा. कपडे घालून पाहण्याच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा मी तिला खाली वाकायला सांगितले आणि कमरेच्या मागचे रबर चिमटीत धरून पाहिले. पहिल्या दोन सूटांत ते बोटभर उचलले जात होते. त्या पोकळीत प्रत्येक पडण्याबरोबर थंड पाणी भरते, मग सूट कितीही जाड असो. तिसऱ्यात चिमूट बसली नाही. तो घेतला.

जुने साहित्य तपासताना मी बोर्डाच्या पाठीवर, पायपट्ट्यांच्या आजूबाजूला आणि मास्ट बसतो त्या खाचेभोवती अंगठ्याने दाबत गेलो. कुठेही दबले तर आतला थर सुटलेला असतो. शीड उजेडात धरून फिल्मवर पांढुरक्या जाळ्या आहेत का ते पाहिले. मास्टचे दोन तुकडे जोडून हलवून पाहिले. हे सगळे केले. फक्त बोर्ड आणि मास्ट यांना जोडणारा तळचा सांधा, तो बोटभर जाडीचा लवचिक तुकडा, विकणाऱ्याने "हाही घेऊन जा" म्हणत हातात दिला आणि मी तो न वाकवता पिशवीत टाकला.

१४ जून, कोयोटी पॉइंट

जूनपर्यंत क्राउन बीचवर तिचा वॉटरस्टार्ट दहांतून आठवर आला होता, म्हणून आम्ही सॅन माटेओच्या कोयोटी पॉइंटला गेलो. हे पाणी सॅन ब्रूनोच्या खिंडीच्या वाऱ्यावर आहे आणि डोक्यावरून विमाने उतरतात, कारण विमानतळ शेजारीच आहे. किनाऱ्यालगत वारा हलका असतो आणि बाहेर एक रेघ दिसते: अलीकडे करडे, सपाट पाणी, पलीकडे गडद निळे आणि पांढऱ्या टोपीच्या लाटा. त्या रेघेपलीकडे गेल्यावर परतताना वारा विरळ होतो, म्हणजे ही जागा क्राउन बीचइतकी क्षमाशील नाही. म्हणून उतरण्याआधी आम्ही ठरवले: काही मोडले तर वाऱ्याविरुद्ध हात मारत बसायचे नाही. वारा पश्चिम-वायव्येचा आहे, तो फॉस्टर सिटीच्या थर्ड अव्हेन्यूच्या किनाऱ्याकडे नेतो. बोर्ड सोडायचा नाही, शीड मागे ओढत तिरके हात मारायचे आणि तिथेच लागायचे. मी गाडी घेऊन तिथे येईन.

चार वाजता ती ४.७ घेऊन गेली. साडेचारला वारा १७ वरून २३ वर गेला. मी ३.७ घ्यायला परत येण्याची खूण करत होतो तेवढ्यात तिचे शीड पाण्यात पडले आणि उठले नाही. नंतर कळले ते असे: सांधा अर्ध्याहून जास्त फाटला होता, आणि त्यातली जोडीला असलेली पट्टी शिल्लक राहिली म्हणून बोर्ड आणि शीड वेगळे झाले नाहीत. किनारा सुमारे सातशे मीटर दूर होता.

ती ठरल्याप्रमाणे वागली. बोर्डवर पालथी पडून, शीड मागे ठेवून तिने तिरके हात मारायला सुरुवात केली. मी पाच मिनिटे पाहिले, दिशा बरोबर आहे याची खात्री केली, आणि थर्ड अव्हेन्यूला गाडी नेली. सव्वा तासाने ती तिथल्या खडकांपाशी लागली. ओठ निळसर झाले होते, पण थरथर नव्हती. पाणी १७ अंशांचे होते, आणि चिमटीत न येणारा तो सूट त्या दिवशी कामी आला. ती तासभरात दिसली नसती तर तटरक्षक दलाला कळवायचे, हेही आधीच ठरले होते. तासाला पाच मिनिटे उरली असताना ती दिसली.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर मी तो सांधा काटकोनात वाकवला. फाटलेल्या भागाच्या विरुद्ध बाजूलाही केसाएवढ्या बारीक भेगांची रांग होती, वाकवल्याबरोबर उघडणारी आणि सोडल्यावर मिटणारी. दुकानात दहा सेकंद वाकवून पाहिले असते तर दिसल्या असत्या. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, तू जागा आधी ठरवलीस म्हणून मला कुठे जायचे ते माहीत होते." तिचे म्हणणे खरे असले तरी सांध्याची चूक त्याने भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी नवा सांधा घेतला. हार्नेसमध्ये चार मीटर बारीक दोरी, शिटी आणि पाणबंद व्हीएचएफ रेडिओ (पाण्यावरून संपर्क साधायचा संच) आला. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही दोघेही आपापले सांधे वाकवून पाहतो.

हंगामाचा उरलेला भाग

जुलैत तीन वेळा आम्ही शर्मन आयलंडला गेलो. सॅक्रामेंटो नदीच्या मुखाकडचे हे पाणी गोडे आणि उबदार आहे, वारा पहाटे आणि संध्याकाळी जोरात असतो, पण गाडीने दीड तास लागतो. ओहोटीच्या वेळी नदी वाऱ्याविरुद्ध वाहते, त्यामुळे वारा कमी पडला तरी पाणीच माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवते. भरतीला उलट होते, आणि मग निघालेल्या जागी परतणे अवघड जाते. गोड्या पाण्यात बोर्ड अडीच टक्के कमी तरंगतो, हे तिने १०५ लिटरवर स्वतः अनुभवले आणि हिशेबात बसवले. बांधावर दगड आहेत, त्यामुळे तिथे बूट हवेतच.

सप्टेंबरअखेरीस तिच्या वहीत ३४ दिवसांच्या नोंदी होत्या: तारीख, जागा, भरती-ओहोटी, वारा, शीड. त्यांपैकी १९ दिवस ३.७चे होते, ११ दिवस ४.७चे, आणि चार दिवस या दोन्हींच्या मधले, जेव्हा एक शीड लहान आणि दुसरे मोठे पडले. त्या चार दिवसांसाठी ४.२चे शीड घ्यावे की नाही, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. थर्ड अव्हेन्यूला वॉटरस्टार्ट नव्वद टक्क्यांवर आल्याशिवाय स्वतःहून उतरायचे नाही, हे मात्र ठरले आहे. ती तिथे एकदा गेली आहे, पण वाहत.